नवे विज्ञान आणि कालामांचा प्रश्न

कोसल देशातील केसपुत्त या गावी तथागत आले असता तेथील कालाम लोकांनी त्यांच्यापुढे आपली अडचण मांडली. आमच्याकडे अनेक श्रमण-ब्राह्मण येतात. प्रत्येक जण आपले मत खरे म्हणतो आणि इतरांचे खोटे ठरवतो. मग आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? तथागतांनी दिलेल्या उत्तराचा आशय आपल्या विद्यालयातील लहानात लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नये. ती स्वतः पारखावी आणि हितकारक आहे असे कळले तर स्वीकारावी.

आजचे कालाम म्हणजे आपले विद्यार्थी होत. त्यांच्यापुढे रोज नवे दावे येऊन आदळतात. कोणी म्हणतो, वाळवंटातील हवेतून पाणी काढले. कोणी म्हणतो, म्हातारपण उलटे फिरवणारे औषध आले. कोणी सांगतो, असा एक दगड सापडला की आता वीज वाया जाणारच नाही. रात्रीच्या अभ्यासिकेत मुले-मुली विचारतात, “सर, हे खरे आहे का?” आम्ही इतिहासाचे शिक्षक, रसायन आणि भौतिकी हा आमचा अधिकाराचा प्रांत नव्हे. परंतु इतिहास शिकताना आम्हांला एक शिस्त मिळाली. मूळ साधन कोणते, साक्षीदार कोण, दुसरा स्वतंत्र पुरावा मिळतो काय, हे प्रश्न विचारल्याविना कोणतीही नोंद आम्ही स्वीकारत नाही. हीच शिस्त हाती धरून रसायन, भौतिकी, पदार्थविज्ञान आणि वार्धक्याचे जीवशास्त्र या चार क्षेत्रांत अलीकडे काय घडले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हवेतले पाणी

८ ऑक्टोबर २०२५ रोजी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी या तिघांना जाहीर झाले. त्यांनी घडवलेल्या पदार्थांना ‘मेटल ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’ म्हणतात. आपण त्यांना धातु-सेंद्रिय चौकटी म्हणू. घर बांधताना लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतात, तशी ही रचना आहे. धातूचे आयन हे तिचे कोपरे, आणि कार्बनयुक्त लांब रेणू हे कोपरे जोडणारे दांडे. दांड्यांच्या मधोमध असंख्य पोकळ्या राहतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्या आतल्या पृष्ठभागाची बेरीज थक्क करणारी आहे. याघी यांनी १९९९ मध्ये सादर केलेल्या ‘एमओएफ-५’ या पदार्थाच्या अवघ्या दोन-तीन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढे क्षेत्रफळ सामावलेले असते.

या शोधाचे बीज एका वर्गाच्या तयारीत पडले, ही गोष्ट शिक्षक म्हणून आम्हांला फार मोलाची वाटते. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात रॉब्सन विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळे आणि काड्या वापरून रेणूंच्या प्रतिकृती करवून घेत होते. कोणत्या गोळ्याला किती आणि कोठे भोके पाडायची, हे त्यांना सुताराला सांगावे लागले. प्रतिकृती जुळवताना त्यांच्या ध्यानात आले की भोकांच्या जागा नेमक्या असल्या की रचना आपोआप बरोबर उभी राहते. मग गोळ्यांऐवजी खरे अणू आणि काड्यांऐवजी खरे रेणू घेतले तर? हा विचार त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ मनात बाळगला आणि १९८९ मध्ये तांब्याचे आयन वापरून हिऱ्यासारखी, परंतु आतून पोकळ अशी रचना सिद्ध केली. ती नाजूक होती, लवकर ढासळे. पुढे १९९७ मध्ये जपानमध्ये कितागावा यांनी ज्यांच्या पोकळ्यांतून वायू आत-बाहेर करू शकतो अशा स्थिर चौकटी घडवल्या, आणि याघी यांनी त्या मजबूत करून हव्या त्या मापाने रचण्याची रीत बसवली.

आता पाण्याकडे येऊ. काही चौकटींच्या पोकळ्या पाण्याच्या रेणूंना आकर्षून घेतात. वाळवंटात रात्री हवा थंड होते, तेव्हा तिच्यातील बाष्प या पोकळ्यांत जाऊन बसते. सकाळी ऊन तापले की पदार्थ गरम होतो, पाणी सुटते आणि थंड पृष्ठभागावर थेंब होऊन गोळा करता येते. याघी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत खाली आली तरी ही क्रिया केवळ उन्हाच्या बळावर चालू शकते. पुढे अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटातही तिची चाचणी झाली. हा दावा खरा आहे. तो अनेकांनी तपासला आहे. मात्र मिळणारे पाणी पदार्थाच्या वजनाच्या हिशेबात मोजायचे आहे. एका गावाची तहान भागवणारे, परवडणारे यंत्र घडवणे ही पुढची वाट आहे. उद्याच विहिरी आणि टँकर हद्दपार होतील, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पाणी हा आपल्यासाठी नुसता रसायनाचा विषय नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा तळ्यात पाण्याचा तुटवडा नव्हता. तुटवडा माणुसकीचा होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या कलहात शोधले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. विज्ञान हवेतून पाणी काढू शकेल. ते पाणी कोणाच्या ओंजळीत पडावे, हे मात्र समाजच ठरवतो.

अवकाशाचा कंप

भौतिकीतील ज्या शोधाचा आपल्या मराठवाड्याशी थेट संबंध आहे, तो गुरुत्वीय लहरींचा. पाण्यात दगड टाकला की लाटा पसरतात, तसे प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोवती फिरून आदळले की अवकाशच आकुंचन-प्रसरण पावते आणि तो कंप प्रकाशाच्या वेगाने पसरतो, असे आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतातून निष्पन्न होत होते. प्रत्यक्ष पुरावा मिळायला शंभर वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ या वेधशाळेने पहिली लहर टिपली.

लायगोची रचना समजण्यास अवघड नाही. काटकोनात असलेल्या दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. एका लेझर किरणाचे दोन भाग करून ते दोन्ही नळ्यांत सोडतात. टोकाच्या आरशांवरून ते परत येऊन एकत्र मिळतात. गुरुत्वीय लहर येऊन गेली तर एक भुजा क्षणभर लांबते व दुसरी आखूडते, आणि परतलेल्या किरणांचा मेळ बिघडतो. हा फरक प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतो. दूरवरून जाणाऱ्या वाहनाची थरथरही याहून कितीतरी मोठी असते. म्हणूनच एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावर अशी दोन यंत्रे उभारली आहेत. एकाने टिपलेला कंप दुसऱ्यानेही टिपला तरच तो ग्राह्य धरतात. दोन स्वतंत्र साक्षीदारांचा हा नियम इतिहासाच्या अभ्यासकाला आपलाच वाटावा.

१४ जानेवारी २०२५ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी दोनच्या सुमारास, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची अत्यंत सुस्पष्ट लहर लायगोने टिपली. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडले होते की कृष्णविवरे एकरूप झाली तरी त्यांच्या पृष्ठभागाचे एकूण क्षेत्रफळ कधीही घटत नाही. या लहरीतून त्याची पडताळणी करता आली. मीलनापूर्वी दोन्ही विवरांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते. मीलनानंतर ते सुमारे ४ लाख झाले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्या राज्याहून लहान असलेले ते क्षेत्र आपल्या राज्याहून मोठे झाले, असे विद्यार्थ्यांना सांगावे. आमच्यासारख्यांना त्या तारखेने आणखी एक आठवण दिली. १९९४ साली याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्यास बाबासाहेबांचे नाव मिळाले. दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही आणि तो जोडूही नये. तारीख ध्यानात राहावी, एवढाच हेतू.

खरा संबंध वेगळा आहे. अशा लहरी ओळखण्याच्या गणिती पद्धती घडवण्यात पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला मंजुरी दिली. ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा तालुक्यात उभी राहायची आहे. पृथ्वीच्या या बाजूला एक कान असला की लहर आकाशाच्या कोणत्या दिशेने आली, हे कितीतरी अचूक सांगता येईल. ज्या जिल्ह्यातून माणसे ऊसतोडीला बाहेर जातात, त्या जिल्ह्यात विश्वाचा कंप ऐकणारे यंत्र येत आहे. त्या यंत्राच्या फाटकावर पहारा देण्याचे काम आपल्या मुलांना मिळेल, की आत बसून लहरींचा अर्थ लावण्याचे, हा प्रश्न आज नववी-दहावीत असलेल्यांच्या गणिताच्या वहीत दडलेला आहे.

एका दगडाचा दावा

पदार्थविज्ञानातून आम्ही जाणीवपूर्वक एक फसलेला दावा निवडला आहे, कारण कालामांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून अधिक चांगले समजते.

तारेतून वीज वाहते तेव्हा तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. १९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे कॅमरलिंग ऑनेस यांना आढळले की पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा विरोध एकदम नाहीसा होतो. या गुणधर्माला अतिवाहकता म्हणतात. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचा चुंबक याच तत्त्वावर चालतो, आणि तो सतत अतिथंड ठेवावा लागतो. यंत्र महाग असण्याचे ते एक मोठे कारण आहे. नेहमीच्या तापमानाला अतिवाहक राहणारा पदार्थ सापडला तर तपासण्या, वीजवहन, वाहतूक सारेच बदलेल. म्हणून शास्त्रज्ञ शंभर वर्षे त्याच्या शोधात आहेत.

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी जाहीर केले की शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांपासून बनवलेला ‘एलके-९९’ नावाचा पदार्थ नेहमीच्या तापमानालाच काय, १०० अंश सेल्सिअसच्या वरही अतिवाहक आहे. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या खड्याचे चित्रण जगभर फिरले. परंतु त्यांनी कृती उघड केली होती, त्यामुळे कोणालाही तो पदार्थ बनवून पाहणे शक्य होते. काही आठवड्यांतच चीन, युरोप, अमेरिका येथील प्रयोगशाळांनी आणि आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही तो बनवून पाहिला. अतिवाहकता कोणालाच आढळली नाही. विरोधात दिसलेली अचानक घट ही भेसळ म्हणून राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे होती. सुमारे १०४ अंशांना त्याच्या रचनेत बदल होतो. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे शुद्ध स्फटिक तयार केले गेले, तेव्हा तो पदार्थ चक्क विद्युतरोधक निघाला.

विज्ञान हरले, असा याचा अर्थ काढू नये. चमत्काराचा दावा करणारे बाबा आपली कृती कधी सांगत नाहीत आणि पुन्हा करून दाखवा म्हटले की रागावतात. विज्ञानात कृती उघडी असते, म्हणून चूक महिन्याभरात उघडी पडते. या दोहोंतला फरक ज्या विद्यार्थ्याला कळला, त्याला वैज्ञानिक दृष्टिकोन कळला. संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदात १९७६ साली हा दृष्टिकोन नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून समाविष्ट झाला आहे, हेही येथे स्मरावे.

जरा आणि तिची कारणे

वार्धक्याचे जीवशास्त्र हा आज सर्वाधिक गाजावाजाचा विषय आहे. त्याची सुरुवातही एका मोडलेल्या अधिकारवाणीपासून झाली. १९१२ मध्ये नोबेल मिळवणारे ॲलेक्सिस कॅरल यांनी कोंबडीच्या भ्रूणहृदयाच्या पेशी न्यूयॉर्कमध्ये काचपात्रात वाढवल्या; त्या चौतीस वर्षे जिवंत ठेवल्या गेल्या. त्यावरून शरीराबाहेर काढलेली पेशी अमर असते, असे सर्वत्र शिकवले जाऊ लागले. इतरांच्या पेशी मरत, तेव्हा ते स्वतःच्याच हाताला दोष देत. सांगणारा मोठा होता म्हणून जगाने सुमारे अर्धे शतक ते मानले. याच कॅरल यांनी पुढे माणसांमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ वंश मानणाऱ्या सुप्रजननवादाचा पुरस्कार केला, हे आपण विसरू नये.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियातील लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले की माणसाची सामान्य पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागते आणि मग थांबते. एका मान्यवर नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला होता. परंतु प्रयोग जो कोणी करी, त्याला तेच उत्तर मिळे, आणि शेवटी अधिकारवाणी मागे हटली.

पेशीला आपली संख्या कळते कशी? गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची आवरणे असतात. गोधडीच्या कडेची पट्टी जशी आतले थर उसवू देत नाही, तशी ती गुणसूत्रांना सांभाळतात. प्रत्येक विभाजनात ती थोडी आखूड होतात. हे टोक आणि ते पुन्हा बांधणारे विकर शोधल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल मिळाले. पट्टी विरली की पेशी विभागणे थांबवते. पण अशा काही पेशी मरत नाहीत, शेजारच्या पेशींना अपाय करणारी द्रव्ये सोडत राहतात. त्या काढून टाकल्या तर उंदरांमधील वार्धक्याच्या व्याधी लांबतात, हे अमेरिकेत २०११ पासूनच्या प्रयोगांत दिसले. दुसरीकडे, जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये फक्त चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या प्रौढ पेशीला पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेले. या चार घटकांचा अल्पकाळ वापर करून पेशीचे वय मागे नेण्याचे प्रयोग सुरू आहेत. ते प्रामुख्याने उंदरांवर झाले आहेत, आणि पेशी फार मागे गेली तर गाठी व कर्करोग उद्भवण्याचा धोका आहे. बाजारात ‘तारुण्य परत’ देणारी जी औषधे आणि चूर्णे विकली जातात, त्यांना या संशोधनाचा आधार नाही. माणसाच्या आयुष्याचा सर्वमान्य उच्चांक आजही फ्रान्सच्या जान कालमां यांच्या नावावर आहे : १२२ वर्षे. त्या १९९७ मध्ये निवर्तल्या. तो उच्चांक अद्याप मोडलेला नाही.

एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, “सर, म्हातारपण लांबवता आले तर अनित्यतेचे काय?” हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस पुरला. आमचे उत्तर असे : अनित्यता म्हणजे असहायता नव्हे. जे घडते ते कारणांनी घडते आणि कारण बदलले तर परिणामही बदलतो, हा प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा आहे. देहाची झीज दैवाने लिहिलेली असती तर तिच्यावर संशोधनच शक्य झाले नसते. ती कारणांनी होते, म्हणून ती समजते. समजते म्हणून काही अंशी रोखता येते. तरीही देह अनित्यच राहतो.

या कारणांत समाजही आहे, हे मात्र ठासून सांगायला हवे. २००४ मध्ये ब्लॅकबर्न, एलिसा एपेल आणि सहकाऱ्यांनी ५८ मातांचा अभ्यास केला. त्यांतील अनेक जणी दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांची शुश्रूषा करत होत्या. ज्यांच्यावरील ताण अधिक होता, त्यांच्या पेशींतील टेलोमिअर अधिक आखूड आढळले. हा अभ्यास लहान आहे आणि ताणामुळेच तसे झाले, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. परंतु वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात राबणाऱ्या आपल्या आया चाळिशीतच म्हाताऱ्या का दिसतात, असा प्रश्न ज्यांनी कधी विचारला असेल, त्यांना या संशोधनाची दिशा ओळखीची वाटेल. श्रीमंतांची दीडशे वर्षे जगण्याची आकांक्षा आणि श्रमिकाला साठी गाठता यावी ही अपेक्षा, यांत विज्ञानाने आधी कोणाकडे पाहावे, हे ठरवायला त्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपली माणसे असावी लागतील.

ग्रंथालयाचे कुलूप

शेवटी पुन्हा ओमर याघी यांच्याकडे वळतो. त्यांचा जन्म १९६५ मध्ये जॉर्डनमधील अम्मान येथे पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात झाला. एकाच खोलीत अनेक भावंडे आणि जनावरे, घरात ना वीज ना नळ. आई-वडिलांना जेमतेम लिहिता-वाचता येई. दहा वर्षांचे असताना, एरवी कुलूपबंद असणाऱ्या शाळेच्या ग्रंथालयात हा मुलगा गुपचूप शिरला आणि हाती आलेले एक पुस्तक त्याने उघडले. त्यात रेणूंची चित्रे होती. अर्थ कळला नाही, पण चित्रांनी मन धरून ठेवले. ज्या घरी नळ नव्हता, त्या घरातल्या मुलाने पुढे हवेतून पाणी काढण्याची रीत जगाला दिली.

आम्ही ज्या शाळेत शिकलो, तेथे विज्ञानाच्या साहित्याचे एक काचेचे कपाट होते. ते तपासणीच्या दिवशी उघडे आणि सायंकाळी पुन्हा बंद होई. भिंग, चुंबक, परीक्षानळ्या आम्ही पाच वर्षे काचेतूनच पाहिल्या. साहित्य फुटू नये, ही काळजी खरी होती. पण त्या काचेमागे आमच्यापैकी कोणाकोणाचे काय राहून गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आपल्या निवासी विद्यालयात मुले चोवीस तास असतात. हे आपले मोठे भाग्य आहे. वंदना, वर्ग, भोजन, अभ्यासिका या दिनक्रमात ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांची दारे रोज किमान एक तास, रविवारीसुद्धा, उघडी राहावीत, अशी संस्थेला आमची नम्र विनंती आहे. एखादी परीक्षानळी फुटेल, एखादे पान फाटेल. माजी विद्यार्थ्यांनी या स्मरणिकेच्या निमित्ताने देणगी देताना त्या फुटीचाही खर्च धरावा. आणि विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की कोणताही नवा दावा कानी आला की कालामांप्रमाणे विचारा : कृती उघडी आहे काय, दुसऱ्याने ती करून पाहिली काय, आणि त्यातून बहुजनांचे हित होणार काय?

नमो बुद्धाय! जय भीम!